आंतरराष्ट्रीय संबंध शिकवणारे प्राध्यापक मुळात कुठल्या विषयाचे असतात?

निफाड तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचा हा प्रश्न आहे. ती टीवायबीएला राज्यशास्त्र घेऊन शिकते, घरी कांदा आणि द्राक्षं आहेत. पुढे आंतरराष्ट्रीय संबंधांत एमए आणि जमलं तर पीएचडी करायची तिची इच्छा आहे. त्यासाठी तिने चार-पाच विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर प्राध्यापकांची माहिती वाचली आणि ती गोंधळून गेली. कोणाची पदवी इतिहासाची, कोणाची कायद्याची, कोणी संरक्षणशास्त्रातले, एक मॅडम तर मूळच्या रशियन भाषेच्या. तिने तीन गोष्टी विचारल्या आहेत. हे सगळे एकच विषय कसे शिकवतात? यातला खरा आंतरराष्ट्रीय संबंधांचा प्राध्यापक कोणता? आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलीने कोणाकडे जावं?

मी नाशिकमध्ये २७ वर्षं हा पेपर शिकवते आहे. माझे विद्यार्थी दिल्ली, पुणे, हैदराबादला गेले. काही जमून गेले, काहींची दोन-दोन वर्षं चुकीच्या मार्गदर्शकाकडे वाया गेली. माझीही गेली, ते पुढे सांगते. म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी मधला प्रश्न घेऊ, कारण तो सुटला की पहिला आपोआप सुटतो. 'खरा' असा कोणी नसतो. हा विषयच मुळी दुसऱ्या विषयांतून आलेल्या माणसांनी उभा केला आहे. वेल्समधल्या ॲबरिस्टविथ इथे १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय राजकारणाचं जगातलं पहिलं अध्यासन सुरू झालं, पहिल्या महायुद्धात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ. त्यावर बसलेले पहिले प्राध्यापक आल्फ्रेड झिमर्न हे प्राचीन ग्रीसचे अभ्यासक होते. पुढे १९३६ मध्ये त्याच जागी ई. एच. कार आले. त्यांचं शिक्षण ग्रीक-लॅटिनचं आणि नोकरी ब्रिटिश परराष्ट्र खात्यातली, २० वर्षांची. ज्यांच्या १९४८ च्या पुस्तकावर आपल्याकडच्या कित्येक पिढ्या 'वास्तववाद', म्हणजे राष्ट्रं सत्तेच्या हिशेबाने वागतात हा सिद्धांत, पाठ करून पास झाल्या, ते हान्स मॉर्गेन्थाऊ जर्मनीत कायदा शिकलेले आणि वकिली केलेले. जागतिक अर्थकारणामागचं राजकारण मांडणाऱ्या सुसान स्ट्रेंज मुळात अर्थशास्त्राच्या पदवीधर आणि पत्रकार. रॉबर्ट कॉक्स यांनी जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत सुमारे पाव शतक काढलं आणि मग ते प्राध्यापक झाले. अण्वस्त्रांच्या धाकातली सौदेबाजी समजावून सांगणारे थॉमस शेलिंग अर्थशास्त्रज्ञ होते, २००५ चं नोबेलही त्यांना अर्थशास्त्राचंच मिळालं.

आपल्याकडेही तेच. दिल्लीत सप्रू हाऊसमध्ये १९५५ साली इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज सुरू झालं. १९७० मध्ये ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झालं आणि आजचं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज झालं. त्याचे पहिले संचालक ए. अप्पादोराय. त्यांचा गाजलेला ग्रंथ कशावर होता? इसवी सन १००० ते १५०० या काळातल्या दक्षिण भारताच्या आर्थिक स्थितीवर. भारताच्या अणुधोरणाची मांडणी करणारे के. सुब्रह्मण्यम हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे रसायनशास्त्राचे एमएस्सी. तेव्हा मूळच्या रशियन भाषेच्या त्या मॅडम तुला परक्या वाटायचं कारण नाही. त्या याच घराण्यातल्या आहेत.

पण म्हणजे पदवीला काहीच अर्थ नाही असंही मी म्हणणार नाही. माणूस कुठल्याही विषयातून येवो, पहिला विषय हातातून सुटत नाही. तो दिसतो एकाच ठिकाणी: पुरावा म्हणून तो माणूस काय मागतो. इतिहासवाला कागद मागतो. कायदेवाला कलम मागतो, तेही शब्दशः. अर्थशास्त्रवाला आकडा आणि त्याच्या शेजारी दुसऱ्या वर्षाचा आकडा मागतो. संरक्षणशास्त्रवाला विचारतो की करायचं म्हटलं तर यांच्याकडे बळ किती आहे आणि किती दिवस पुरेल. आणि एखाद्या प्रदेशाचा अभ्यासक म्हणतो, ते सगळं ठीक, पण तिथल्या लोकांच्या वर्तमानपत्रात, त्यांच्या भाषेत, त्या दिवशी काय छापून आलं होतं?

तुझ्याच घरातलं उदाहरण घेते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांदा निर्यात बंद केली. ७ तारखेची अधिसूचना, ८ पासून बंदी. त्या सकाळी लासलगाव, पिंपळगावला लिलाव बंद पडले, चांदवडला महामार्ग अडवला गेला, आणि माझ्या वर्गात निम्मी बाकं रिकामी होती. जे आले होते त्यांच्यापैकी एका मुलाने खिशातून आदल्या आठवड्याची कांदापट्टी काढून टेबलावर ठेवली. घड्या पडलेला गुलाबीसर कागद, वजन, भाव, हमाली, तोलाई, खाली हाताने ओढलेली बेरीज. तो म्हणाला, "मॅडम, याचं काय ते सांगा." अभ्यासक्रमात त्या दिवशी संयुक्त राष्ट्रांची रचना होती. मी ते पान मिटलं.

त्या पट्टीवर आम्ही तीन दिवस बोललो. पहिला दिवस कायद्याचा गेला. जागतिक व्यापाराचे नियम ठरवणाऱ्या गॅट कराराचं अकरावं कलम निर्यातीवर बंदी घालू नका म्हणतं, पण अन्नधान्याची गंभीर टंचाई असेल तर तात्पुरती मुभा देतं. जागतिक व्यापार संघटनेच्या शेती करारातलं बारावं कलम सांगतं की बंदी घालताना आयात करणाऱ्या देशांच्या पोटापाण्याचा विचार करा आणि आधी कळवा. विकसनशील देशांना यातून सूट आहे, मात्र तो देश त्या मालाचा निव्वळ निर्यातदार असेल तर सूट नाही. भारत कांद्याचा निर्यातदार आहे. आता 'गंभीर टंचाई' ठरवायची कोणी आणि कशावरून, यावर वर्ग पेटला. कायद्यातून आलेला प्राध्यापक तुला इथे आठवडाभर थांबवेल आणि ते योग्यच आहे.

दुसऱ्या दिवशी इतिहास. ही काही पहिली बंदी नव्हती. सप्टेंबर २०१९ ला झाली होती, सप्टेंबर २०२० ला पुन्हा झाली होती. २०१९ च्या बंदीनंतर चार-पाच दिवसांतच बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. आपण आचाऱ्याला कांदा घालू नको असं सांगितलंय, निदान आधी कळवत तरी जा, असं त्या भर सभेत, चक्क हिंदीत म्हणाल्या. लोक हसले. मुलं मात्र हसली नाहीत, कारण त्यांच्या लक्षात आलं की ढाक्याच्या पंतप्रधानांचं आणि निफाडच्या शेतकऱ्याचं गाऱ्हाणं एकच आहे: आधी का नाही सांगितलं?

तिसरा दिवस बांगलादेशचा. तिथे ७ जानेवारी २०२४ ला निवडणूक होती. बाजारात कांदा महागणं म्हणजे तिथल्या सरकारपुढचं संकट. पुढे १ मार्च २०२४ ला भारताने बंदी कायम ठेवूनच बांगलादेशला ५०,००० टन आणि संयुक्त अरब अमिरातीला १४,४०० टन कांदा सहकारी निर्यात संस्थेमार्फत द्यायची परवानगी दिली, तेव्हा मी तीच मुलं पुन्हा बसवली. कोणाला द्यायचा आणि कोणाला नाही, हे ठरतं तेव्हा तो माल राहत नाही, ते परराष्ट्र धोरण होतं. इथे बांगला वाचता येणारा प्राध्यापक असता तर आम्ही आणखी पुढे गेलो असतो. मला बांगला येत नाही. ती माझी मर्यादा आहे आणि तिचं मला वाईट वाटतं.

एक कांदापट्टी, आणि तीन प्रकारचे प्राध्यापक तिच्याकडे तीन बाजूंनी बघतील. तुला त्यातली कुठली बाजू जास्त ओढते, हे तुला ठरवता आलं तर मार्गदर्शक निवडण्याचं निम्मं काम झालं.

आता संकेतस्थळावरची ती माहिती वाचायची कशी. बहुतेक मुलं वरून खाली वाचतात: पदनाम, पदव्या, पुरस्कार, किती परिषदांना गेले. तू खालून वर वाच. आधी त्यांच्याकडे आजवर कोणी कशावर पीएचडी केली ती यादी बघ. त्यात विषय एकमेकांना धरून असतील तर हा माणूस एका प्रश्नामागे लागलेला आहे असं समज. एक प्रबंध पंचायत राजवर, दुसरा आसियानवर, तिसरा महिला बचत गटांवर असेल, तर तिथे गाईडशिपच्या जागा भरल्या गेल्या आहेत. असे प्राध्यापक वाईट असतात असं नाही, वर्गात ते उत्तम शिकवत असतील. पण तुझ्या प्रबंधाचं पान लाल करायला लागणारी माहिती त्यांच्याजवळ नसेल.

मग 'शोधगंगा' हे संकेतस्थळ उघड. विद्यापीठांनी ठेवलेले प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. त्या प्राध्यापकांचा स्वतःचा प्रबंध शोध. नाव जितकं मोठं आणि रुंद, तितकी मी सावध होते. 'भारताचे परराष्ट्र धोरण: एक चिकित्सक अभ्यास' या नावात सगळं जग मावतं आणि हाताला काही लागत नाही. 'अमुक करारावरच्या वाटाघाटी, अमुक ते अमुक साल' असं अरुंद नाव दिसलं की मी खुर्ची पुढे ओढते. नाव झालं की थेट शेवटी जा, संदर्भसूचीत. प्राथमिक साधनं म्हणून काय दिलंय? दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या फायली आहेत? संसदेतल्या चर्चा आहेत? मुलाखती घेतल्यात? ज्या देशावर लिहिलंय त्या देशाच्या भाषेतलं एक तरी साधन आहे? की सगळी सूची दुसऱ्यांच्या इंग्रजी पुस्तकांची आहे? संदर्भसूची खोटं बोलत नाही. ऋणनिर्देशाचं पानही वाच. कोणाकडे शिकले, कुठल्या ग्रंथालयात बसले, कोणी कागद मिळवून दिले, ते तिथे मोकळेपणाने लिहिलेलं असतं.

तिसरं, लेखांच्या तारखा. आवडीचे विषय बदलतात आणि बदलावेतही. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला तेव्हा त्याच्या अभ्यासात आयुष्य घातलेली माणसं रशियाकडे, मध्य आशियाकडे वळली. जेएनयूतल्या सोव्हिएत अभ्यास केंद्राचं नावही आता रशिया आणि मध्य आशियाचं आहे. २००१ नंतर दहशतवाद आला, २०२० च्या गलवाननंतर जो तो चीनवर लिहू लागला. यात फरक ओळखायला शिक. ज्याने चीनवर गलवानच्या आधीही लिहिलंय आणि ज्याने त्यानंतरच्या सहा महिन्यांत पाच लेख काढलेत, ते दोघे सारखे नाहीत. पैसे भरून छापणारी मासिकं आपल्याकडे किती बोकाळली होती हे या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. लेखांची संख्या मी मोजतच नाही.

माझी चूक सांगते. मी पीएचडीला विषय घेतला पश्चिम आशियातला. मार्गदर्शक मिळाले ते भारतीय राज्यघटनेचे अभ्यासक. माणूस सज्जन, शिस्तीचा, माझ्यावर माया करणारा. घराजवळ होते आणि त्यांच्याकडे जागा होती, एवढ्यावर मी गेले. पहिली दोन वर्षं मी प्रकरणं लिहून नेत होते आणि ते व्याकरण तपासून परत देत होते. कोणती साधनं बघायची, कोणाला भेटायचं, फारसी न येता या विषयाला हात घालावा का, हे विचारणारं समोर कोणी नव्हतं. शेवटी विद्यापीठाच्या समितीपुढे एका बाहेरच्या तज्ज्ञाने पाच मिनिटांत ते विचारलं आणि माझा आराखडा परत आला. दोष सरांचा नव्हता, त्यांनी कधी त्या विषयातलं असल्याचा दावा केला नव्हता. मी विचारलं नव्हतं. विषय अरुंद करून मी पुढे प्रबंध पूर्ण केला, पण ती दोन वर्षं गेली ती गेलीच.

निवृत्त राजदूत आणि लष्करी अधिकाऱ्यांबद्दलही लिहायला हवं, कारण नाशिकमध्ये त्यांचं शिकवणं ऐकायला मिळतं. देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे, ओझरला सुखोई-३० एमकेआय ही लढाऊ विमानं बांधली गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' म्हणून अशा अनुभवी माणसांना नेमायची वाट काढली आहे. वाटाघाटीच्या खोलीत काय होतं, निरोप कसा दिला जातो, मसुद्यातला एक शब्द बदलायला रात्र कशी जाते, हे त्यांच्याकडून ऐकावं. माझ्या वर्गात एक निवृत्त अधिकारी आले होते, त्यांनी फळ्यावर सीमेची एक रेघ काढली आणि विचारलं, या रेघेपर्यंत एक लिटर रॉकेल पोचवायला किती माणसं लागतात? त्या तासाने माझं काम सोपं केलं. पण ज्या घटनेत ते स्वतः होते तिच्याबद्दल त्यांचा शब्द हा एक पुरावा आहे, शेवटचा निकाल नाही. त्यांच्याकडून ऐक, मार्गदर्शक म्हणून मात्र प्रबंध लिहून घेण्याची सवय असलेला माणूस धर.

एक व्यवहाराची गोष्ट, कारण घरी तुला विचारतील. महाराष्ट्रात हा विषय बहुतेक ठिकाणी राज्यशास्त्राचा एक पेपर म्हणूनच शिकवला जातो. स्वतंत्र विभाग देशातच मोजके, कोलकात्यातल्या जादवपूर विद्यापीठाचा १९५६ पासूनचा. प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी असलेल्या नेट परीक्षेत राज्यशास्त्र वेगळं, संरक्षण व सामरिक अभ्यास वेगळा, आंतरराष्ट्रीय व क्षेत्रीय अभ्यास वेगळा. महाविद्यालयांच्या जाहिराती मात्र राज्यशास्त्राच्या निघतात. पदवीवर वेगळं नाव असलेल्या उमेदवाराला छाननीच्या टेबलावर खुलासे करत बसावं लागलेलं मी पाहिलं आहे. म्हणून एमए कुठूनही कर, सेट-नेट राज्यशास्त्रातून देऊन ठेव. आणि जून २०२४ पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशालाही धरतात, ७० टक्के वजन त्याला आणि ३० टक्के मुलाखतीला. म्हणजे त्या ३० टक्क्यांत समोर कोण बसलंय आणि त्यांचा रस कशात आहे, हे माहीत असणं तुझ्या कामाचं.

राहिला मराठी माध्यमाचा प्रश्न. इंग्रजी वाचावं लागेल, रोज, त्याला पर्याय नाही. एक लेख रोज, शब्दकोश शेजारी घेऊन, आणि त्याचा मुद्दा मराठीत पाच ओळींत लिहून काढायचा. सहा महिन्यांत फरक पडतो, माझ्या डझनभर मुलांचा पडला आहे. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडे हा विषय दुसऱ्या देशाची भाषा न शिकताच शिकवला जातो, ही आपल्या विभागांची सगळ्यात दुखरी बाजू आहे असं माझं मत आहे. तू एक परकी भाषा आत्ताच धर. पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग आहे, रशियन, जपानी, जर्मन, फ्रेंच शिकता येतं. ज्या रशियन भाषेच्या मॅडमना पाहून तू गोंधळलीस, त्यांच्याकडे जे आहे ते राज्यशास्त्राच्या शंभर पदवीधरांकडे नसतं. नाशिकची द्राक्षं रशियाला जातात हे तुला सांगायची गरज नाही.

आणि ज्या नाशिकने १९६३ मध्ये संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांना बिनविरोध लोकसभेत पाठवलं, जे पुढे परराष्ट्रमंत्री झाले, तिथल्या मुलीला परराष्ट्र धोरण हे दिल्लीवाल्यांचं काम वाटू नये.

प्राध्यापकांना पहिलं पत्र कसं लिहायचं तेही सांगते. पदव्या आणि टक्केवारीने सुरुवात करू नकोस. त्या प्राध्यापकांचा एक लेख पूर्ण वाच, अर्धा नको. त्यातलं तुला न पटलेलं किंवा न कळलेलं एक वाक्य निवड आणि त्याबद्दल विचार. मग तुझा प्रश्न दोन ओळींत लिही, जसं: निर्यातबंदी असताना कोणत्या देशाला कांदा द्यायचा हे कसं ठरतं, आणि माझ्याकडे घरातल्या दहा वर्षांच्या पट्ट्या आहेत. आहेत ना? नसतील तर आजच वडिलांना विचार, कपाटात, देव्हाऱ्यामागे, कुठेतरी पिशवीत असतातच. तारखेप्रमाणे लाव, फोटो काढून ठेव. गुलाबी कागदावरची शाई दोन-तीन उन्हाळ्यांत उडते.